अ‍ॅलेगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनचा फुटबॉल संघ (१८९०–१८९६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कुठला फुटबॉल? आपल्याकडे खेळतात तो का?

नाही. हा अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू, हातात धरून धावायचं आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं. पण टीव्हीवर दिसणारा आजचा खेळही डोळ्यांपुढे आणू नका. १८९० च्या सुमाराला हेल्मेट नव्हतं आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी नव्हती. ती १९०६ साली मिळाली. मैदान ११० यार्डांचं, सामना ४५-४५ मिनिटांच्या दोन डावांचा. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याकडे. त्यामुळे खेळ बहुतेक वेळ मधोमधच चालायचा. अकरा माणसं एका बाजूने ढकलतायत, अकरा दुसऱ्या बाजूने, आणि खाली कोणीतरी चेंडू पोटाशी धरून पडलेला. दांडगाई एवढी की हाडं मोडणं ही बातमीच नव्हती.

गुणही वेगळे होते. टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेला की, चार, त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन, मैदानातून मारलेल्या गोलला पाच. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

हा संघ कुठला?

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अ‍ॅलेगेनी शहराचा. नकाशात हे शहर सापडणार नाही, कारण १९०७ साली ते पिट्सबर्गमध्ये विलीन झालं. त्याआधी नदीच्या एका काठाला पिट्सबर्ग आणि दुसऱ्या काठाला अ‍ॅलेगेनी अशी दोन स्वतंत्र शहरं होती. दोघांमधली ईर्षा जुनी, आणि फुटबॉलला ती आयतीच मिळाली.

अ‍ॅलेगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने १८९० मध्ये संघ उभा केला. (पुढे नुसतं 'अ‍ॅलेगेनी' म्हणू.) पिट्सबर्ग परिसरात एखाद्या क्लबने उभा केलेला हा पहिला फुटबॉल संघ. मागे होते जॉन मूरहेड आणि ओ. डी. थॉम्पसन, दोघंही येल विद्यापीठात शिकलेले. थॉम्पसन तर येलमध्ये वॉल्टर कॅम्पचा सहकारी खेळाडू. ज्याला अमेरिकन फुटबॉलचा जनक म्हणतात तोच हा कॅम्प. म्हणजे खेळ नवखा असला तरी संघ काढणारे नवखे नव्हते.

अ‍ॅथलेटिक क्लब म्हणजे तालीम समजायची का?

व्यायामशाळा तिथेही असायची, पण तालमीत कोणीही पोरगा लंगोट लावून उतरू शकतो, तसं इथे नव्हतं. हे क्लब म्हणजे शहरातल्या बऱ्या घरच्या लोकांचं एकत्र येण्याचं ठिकाण. वर्गणी भरा, सभासद व्हा, धावा, पोहा, मुष्टियुद्ध करा, संध्याकाळी चार ओळखीचे लोक भेटतील. वकील, व्यापारी, गिरणीमालकांची मुलं, कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले तरुण, असा सगळा गोतावळा.

फुटबॉल हा तोवर कॉलेजचा खेळ. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन इथली पोरं चार वर्षं खेळायची आणि पदवी मिळाली की संपलं. हाडात खेळ मुरलेला, अंगात जोर आहे, पण खेळायचं कुठे? क्लबांनी ही सोय केली. क्लबलाही फायदा होता. संघ जिंकला की वर्तमानपत्रात नाव येतं, नाव आलं की सभासद वाढतात, सभासद वाढले की वर्गणी वाढते. हरणाऱ्या क्लबाचा सभासद व्हायला कोणाला आवडेल?

मग हे खेळाडू खरोखर हौशी होते का?

कागदावर, शंभर टक्के. १८८८ मध्ये स्थापन झालेली अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन, म्हणजे एएयू, या क्लबांवर देखरेख ठेवायची. खेळासाठी पैसे घ्यायचे नाहीत, हा तिचा मूळ नियम. घेतले तर खेळाडू बाद आणि क्लबही अडचणीत.

हे सोवळं पाळायला कोणाला परवडत होतं ते बघा. ज्याच्या घरी पैसा आहे तो शनिवारची दुपार हौसेला देऊ शकतो. भट्टीवर बारा तास राबणाऱ्याला ती दुपारच मिळत नाही. नियम नैतिक भाषेत लिहिलेला होता, पण त्याने काम केलं ते दारावरच्या रखवालदाराचं.

आणि पळवाटा? त्या तर भरपूर. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर आरोप झाला की तो चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या देऊन आपल्याकडे ओढतो. एएयूने चौकशी केली आणि निवाडा दिला की हा पूर्ण व्यावसायिकपणा नव्हे, 'अर्धा' आहे. चाप लावायला गेले आणि वाट दाखवून आले. दुसरी युक्ती घड्याळाची. बक्षीस म्हणून खेळाडूला भारीतलं घड्याळ द्यायचं. तो ते गहाण टाकून रोकड घेणार. मग क्लबचा माणूस तेच घड्याळ सोडवून आणणार आणि पुढच्या सामन्यानंतर पुन्हा त्याच खेळाडूला तेच बक्षीस! तिसरी सगळ्यांत साधी: प्रवासखर्च दुप्पट द्यायचा.

या सगळ्यात रोख पगार कोणी दिला नाही, किंवा दिला तरी कुठे लिहून ठेवला नाही. अ‍ॅलेगेनीने लिहून ठेवला. आज आपण या संघाबद्दल बोलतोय त्याचं खरं कारण एवढंच.

पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लबशी वैर कशावरून?

नदीपलीकडचा हा क्लब (यापुढे 'पीएसी') आधी ईस्ट एंड जिम्नॅशियम क्लब म्हणून ओळखला जायचा. १८९१ मध्ये त्यांनीही फुटबॉल संघ काढला आणि अ‍ॅलेगेनीच्या मक्तेदारीला धक्का बसला.

पीएसीचा हुकमी एक्का म्हणजे विल्यम कर्शनर. हा क्लबचा पगारी व्यायामशिक्षक. अ‍ॅलेगेनीचं म्हणणं असं की फुटबॉलचा हंगाम आला की याचा पगार वाढतो आणि शिकवायचे तास मात्र कमी होतात. मग हा शिक्षक की खेळाडू? पीएसीने हात वर केले. शिक्षक आहे, पगार शिकवण्याचा, खेळतो तो हौसेने.

२१ ऑक्टोबर १८९२ ला दोघांची गाठ पडली. सामना ६–६ असा बरोबरीत सुटला, आणि भांडण सुटण्याऐवजी वाढलं. पीएसीकडून 'स्टेयर' नावाचा एक भिडू खेळला होता. नंतर उघड झालं की हा स्टेयर म्हणजे पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजच्या संघाचा कर्णधार ए. सी. रीड. नाव बदलून मैदानात उतरवलेला! गावच्या कबड्डी स्पर्धेत समोरच्या संघात अचानक एक अनोळखी धिप्पाड चढाईपटू दिसावा आणि 'हा आमच्या मामाचा मुलगा' असं उत्तर मिळावं, तसा हा प्रकार.

परतीचा सामना १२ नोव्हेंबरला ठरला होता. मधल्या तीन आठवड्यांत दोन्ही क्लबांची माणसं खेळाडूंच्या शोधात हिंडत होती.

हेफेलफिंगर कोण? त्याच्यासाठी एवढी धडपड का?

विल्यम 'पज' हेफेलफिंगर. जन्म १८६७, मिनियापोलिसचा. सहा फुटांहून उंच, दोनशे पौंडांच्या आसपास वजन, आणि त्या वजनाला न शोभणारा वेग. येलकडून १८८८ ते १८९१ खेळला. १८८८ च्या हंगामात येलने ६९८ गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. १८९१ मध्ये ४८८ विरुद्ध शून्य. ही छपाईची चूक नाही.

तो गार्ड, म्हणजे मधल्या फळीतला अडवणारा. अशा जागेवरच्या खेळाडूने आपल्यासमोरच्याला थोपवून धरायचं, एवढीच अपेक्षा असे. हेफेलफिंगर जागा सोडून बाजूला धावायचा आणि चेंडू घेतलेल्या साथीदारासाठी पुढे वाट मोकळी करून द्यायचा. ही चाल आजही रोज वापरली जाते. निवडक राष्ट्रीय अकरांची यादी, 'ऑल अमेरिका', १८८९ पासून निघू लागली. तिच्यात पहिली तिन्ही वर्षं त्याचं नाव आहे.

पदवीनंतर तो ओमाहात रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होता. १८९२ च्या शरदात शिकागो अ‍ॅथलेटिक असोसिएशनने पूर्वेकडच्या राज्यांत सहा सामन्यांचा दौरा काढला आणि हेफेलफिंगर रजा टाकून त्यात सामील झाला. शिकागोचा क्लब खेळाडूंना प्रवासखर्च सढळ हाताने द्यायचा. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तो शिकागोचा संघ सोडून अ‍ॅलेगेनीकडे कसा आला?

आधी अफवा उठली. ऑक्टोबरच्या अखेरीस पिट्सबर्गच्या वर्तमानपत्रात छापून आलं की पीएसी हेफेलफिंगर आणि नोल्टन एम्स या दोघांना परतीच्या सामन्यासाठी प्रत्येकी अडीचशे डॉलर देऊ करतोय. एम्स हा प्रिन्स्टनचा गाजलेला धावपटू आणि किकर. तोही शिकागोच्या दौऱ्यात होता.

अ‍ॅलेगेनीच्या मंडळींनी वाचलं आणि तिकडे धाव घेतली. एम्सने नकार दिला. पैशांसाठी आपलं हौशीपण पणाला लावायला तो तयार नव्हता. हेफेलफिंगर तयार होता, पण अडीचशेवर नाही. त्याचं म्हणणं साधं: हौशीपण घालवायचं तर किंमत पाचशे. अ‍ॅलेगेनीने होकार दिला. शिवाय बेन डॉनेली आणि एड मॅली हे दोघं आले, फक्त खर्चावर. डॉनेली शिकागोच्या त्याच संघातला आणि दांडगाईसाठी नावाजलेला.

माझ्या मते या व्यवहारातला सगळ्यांत प्रामाणिक माणूस हेफेलफिंगरच. त्याने आपली किंमत सरळ सांगितली आणि घड्याळाचं सोंग केलं नाही.

१२ नोव्हेंबर १८९२ ला मैदानात काय झालं?

ठिकाण रिक्रिएशन पार्क, अ‍ॅलेगेनी शहरातलं. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत इथे बेसबॉलचा व्यावसायिक संघ खेळायचा, म्हणजे बेसबॉलमध्ये पैसे घेऊन खेळण्याचं कोणाला वावडं नव्हतं, त्याच गवतावर.

पीएसीचा संघ मैदानात आला आणि समोर हेफेलफिंगर उभा! शिवाय डॉनेली आणि मॅली. हे तिघं अ‍ॅलेगेनीचे सभासद कधी झाले? पीएसीने खेळायला साफ नकार दिला. अ‍ॅलेगेनीने उत्तर दिलं की तुम्हीही बाहेरचे भिडू मागवले आहेत, आम्हाला काय शिकवता? आणि ते खरंही होतं.

वादाला तोंड फुटलं ते बराच वेळ मिटेना. प्रेक्षक तिकिटं काढून बसलेले. त्यातल्या पुष्कळांनी सामन्यावर पैजा लावलेल्या, आणि खरा पेच त्या पैजांचा होता. दोन्ही क्लबांच्या समर्थकांचा पैसा अडकलेला असताना एका बाजूला हेफेलफिंगर उभा राहणं म्हणजे दुसऱ्या बाजूच्या खिशात सरळ हात घालणं. अखेर तोडगा निघाला: सगळ्या पैजा रद्द, आणि सामना केवळ प्रदर्शनीय म्हणून खेळायचा. पैजा लावून बसलेल्या प्रेक्षकांनी हे कसं घेतलं असेल, याची कल्पना करायला पिट्सबर्गला जायची गरज नाही. वादात वेळ गेल्यामुळे आणि नोव्हेंबरातला दिवस लवकर मावळत असल्यामुळे डावही छोटे केले गेले.

एकुलते एक गुण झाले ते हेफेलफिंगरमुळे. पीएसीच्या हातून चेंडू सुटला, हेफेलफिंगरने तो उचलला आणि धावत गोलरेषेपलीकडे नेला. त्यानंतरची किक हुकली. अ‍ॅलेगेनी ४, पीएसी शून्य.

पाचशे डॉलर देऊन फक्त चार गुण?

टचडाउनला तेव्हा चारच गुण होते, हे वर आलंच आहे. पुढे १८९८ मध्ये पाच झाले आणि १९१२ मध्ये सहा. आणि चेंडू पुढे फेकता येत नसताना बरोबरीच्या दोन संघांत एखादाच टचडाउन होणं अगदी नेहमीचं. अ‍ॅलेगेनीच्या लोकांनी पैसे वाया गेले असं म्हटल्याची नोंद नाही.

हिशेबाच्या त्या पानावर नेमकं काय आहे?

या एका पानाला व्यावसायिक फुटबॉलचा जन्मदाखला म्हणतात. तिकीटविक्रीतून जमा १,६८३ डॉलर ५० सेंट. खर्चाच्या बाजूला पाहुण्या संघाला कबूल केलेली रक्कम ४२८, मैदानाचं भाडं ५०, डॉनेली, मॅली आणि हेफेलफिंगर यांचा प्रवासखर्च मिळून ७५, तिघांच्या हॉटेलचं बिल ९. आणि मग ती ओळ: खेळल्याबद्दल हेफेलफिंगरला बिदागी, रोख, ५००. एकूण खर्च १,०६२. निव्वळ नफा ६२१ डॉलर ५० सेंट.

हिशेब ज्याने लिहिला त्याने बेरीज चोख केली आहे. लपवाछपवी नाही, सांकेतिक नाव नाही, 'किरकोळ खर्च' असं गुळमुळीत शीर्षक नाही. आपण काही जगावेगळं करतोय असं त्या माणसाला वाटलं नसावं. सभासदांच्या पैशांचा हिशेब द्यायचा होता, तो दिला. मला या कागदातली सगळ्यांत बोलकी ओळ मात्र शेवटची वाटते, नफ्याची. एवढी मोठी रक्कम मोजूनही क्लब फायद्यात राहिला. हे कळल्यावर कोणता क्लब पुन्हा निव्वळ हौसेवर भागवेल?

पाचशे डॉलर म्हणजे तेव्हा किती?

उत्तर सोपं करायला मैदानापासून काही मैलांवर जाऊ. मोनोंगाहिला नदीकाठचं होमस्टेड. तिथल्या उद्योगपती कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात त्याच वर्षी, १८९२ च्या उन्हाळ्यात, व्यवस्थापनाने मजुरी कापायचा आणि कामगार संघटना मोडायचा चंग बांधला. कामगारांना टाळेबंदीने बाहेर ठेवलं. ६ जुलैला पिंकर्टन कंपनीच्या भाडोत्री रखवालदारांना बोटींतून आणलं, तेव्हा नदीकाठी गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली. मग राज्य सरकारने सैन्य पाठवलं. संघटनेने अखेर हात टेकले ते २० नोव्हेंबरला, म्हणजे रिक्रिएशन पार्कवरच्या सामन्यानंतर आठ दिवसांनी.

या भागातल्या साध्या मजुराला दिवसाला दीड डॉलरच्या आसपास मिळायचे. वर्षातले तीनशे दिवस न चुकता काम मिळालं तर साडेचारशे. हेफेलफिंगरला एका दुपारचे पाचशे मिळाले.

त्यात त्याचा दोष नाही. पण त्या वर्षीच्या पिट्सबर्गबद्दल लिहिताना नुसती फुटबॉलची गंमत सांगून थांबणाऱ्यांबद्दल मला जरा आश्चर्य वाटतं. मजुरीसाठी भांडणाऱ्यांवर बंदुका रोखल्या जात होत्या आणि त्याच दिवसांत हौशी सद्गृहस्थांचा क्लब गुपचूप एका खेळाडूला मजुरी देत होता.

पुढच्या सामन्यातही पैसे दिले का?

हो. आठवड्याने, १९ नोव्हेंबरला, वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजविरुद्ध डॉनेलीला २५० डॉलर दिले. म्हणजे ज्ञात असलेला दुसरा व्यावसायिक खेळाडू डॉनेली. अ‍ॅलेगेनी तो सामना ८–० असा हरली. पैसे दिले की जिंकतोच असं नाही, हा धडाही लगेच मिळाला.

१८९३ च्या एका हिशेबात तीन खेळाडूंना प्रत्येकी ५० डॉलर दिल्याची नोंद आहे: रॅफर्टी, व्हॅन क्लीव्ह आणि राइट. भाव पडला, पण प्रथा रुळली.

म्हणजे फसवणूक एकट्या अ‍ॅलेगेनीनेच केली?

छे! कर्शनर आणि 'स्टेयर' यांची गोष्ट वर आली आहेच. १८९३ मध्ये पीएसीने आपल्या एका खेळाडूशी, बहुधा ग्रँट डिबर्टशी, अख्ख्या हंगामाचा करार केला. फुटबॉलमधला हा पहिला ज्ञात व्यावसायिक करार. ज्यांनी १२ नोव्हेंबरला नीतीच्या गप्पा मारल्या त्यांनीच वर्षभरात ही पुढची पायरी गाठली.

हे सगळं बाहेर कधी आलं?

तब्बल सत्तर वर्षांनी. तोवर पहिल्या व्यावसायिक खेळाडूचा मान होता लॅट्रोब या गावाचा. पिट्सबर्गच्या पूर्वेला असलेल्या या गावाच्या संघाने ३ सप्टेंबर १८९५ ला जॉन ब्रॅलियर या क्वार्टरबॅकला (चाल सुरू करणाऱ्या खेळाडूला) जेनेटविरुद्ध खेळण्यासाठी १० डॉलर आणि वरखर्च दिला. ब्रॅलियरने ते कधी लपवलं नाही. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला आणि आयुष्यभर पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून मिरवला.

१९६० च्या दशकात नेल्सन रॉस नावाच्या माणसाने टंकलिखित पानांचा गठ्ठा पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या रूनी कुटुंबाकडे आणून दिला. त्यात त्याने जुनी वर्तमानपत्रं चाळून १८९२ चं सगळं प्रकरण उलगडलं होतं. नंतर तो हिशेबाचा कागदही उजेडात आला आणि वाद संपला. लॅट्रोबकरांना हे रुचलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

हेफेलफिंगर १९५४ मध्ये वारला. त्या पाचशे डॉलरबद्दल त्याने हयातभर तोंड उघडलं नाही. तो होता तोवर त्याला कोणी नीट विचारलंही नसावं, कारण कागद पुढे आला तेव्हा तो गेलेला होता.

तर मग पहिला व्यावसायिक खेळाडू कोण म्हणायचा?

ज्याचा पुरावा आहे असा पहिला, हेफेलफिंगर. उघडपणे पैसे घेणारा पहिला, ब्रॅलियर. खरोखरचा पहिला मात्र घड्याळ गहाण टाकून आलेला कोणीतरी असणार, आणि त्याची पावती सावकाराकडे राहिली.

क्लबवर बंदी कशी आली?

पैसे देण्याची कुजबुज वाढत गेली आणि एएयूने चौकशी केली. १८९६ मध्ये निकाल लागला: अ‍ॅलेगेनीने खेळाडूंना रोख पैसे दिले आहेत, सबब एएयूच्या कोणत्याही सभासद क्लबशी खेळायला कायमची बंदी.

आता थॉम्पसनचा स्वभाव पाहा. बंदी आली, क्लब बुडणारच होता. दुसरा कोणी असता तर त्याने माफीनामा लिहिला असता किंवा कुलूप लावून घरी बसला असता. याने उलट विचार केला. सोवळं मोडलंच आहे तर आता लपवायचं कशाला? देशभरातून नावाजलेले खेळाडू बोलावले. त्यात हेफेलफिंगर पुन्हा आला, प्रिन्स्टनचे लँग्डन ली आणि ट्रेंचर्ड आले. सगळ्यांना पैसे. मैदानातला एकूण एक माणूस पगारी असा हा पहिला फुटबॉल संघ.

या संघाचा हंगाम होता दोन दिवसांचा. नोव्हेंबर १८९६ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी त्यांनी ड्यूकेन कंट्री अँड अ‍ॅथलेटिक क्लब आणि जुना वैरी पीएसी यांच्याशी सामने खेळले आणि दोन्ही जिंकले. त्यानंतर अ‍ॅलेगेनीचा संघ कधीही मैदानात उतरला नाही.

बंदी असताना हे दोन क्लब त्यांच्याशी खेळले कसे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर गल्ल्यात आहे.

नंतर पिट्सबर्गच्या फुटबॉलचं काय झालं?

अ‍ॅलेगेनी गेल्यावर वर्चस्व ड्यूकेन क्लबकडे गेलं. १८९७ मध्ये लॅट्रोबने संपूर्ण हंगाम फक्त पगारी खेळाडूंवर काढला. १८९८ मध्ये ड्यूकेनच्या खेळाडूंचा खर्च क्लबला झेपेना, तेव्हा विल्यम चेस टेंपल नावाच्या धनिकाने तो स्वतःच्या खिशातून उचलला. संघाचा मालक एक व्यक्ती, ही पद्धत तिथून सुरू झाली.

मग १९०० आणि १९०१ मध्ये सगळ्यांच्या वरचढ ठरला तो होमस्टेडचा संघ. होय, तेच होमस्टेड. टाळेबंदीनंतर कार्नेगीने गावाला मोठं वाचनालय बांधून दिलं. त्याच इमारतीत पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि अ‍ॅथलेटिक क्लब. टेंपलने ड्यूकेनचे उत्तम खेळाडू उचलून इथे आणले. दोन्ही हंगाम जिंकले आणि पैसे मात्र बुडाले. पाठोपाठ पिट्सबर्ग परिसरातला व्यावसायिक फुटबॉल ओसरला आणि ओहायो राज्यातल्या गावांकडे सरकला. १९२० मध्ये कँटनला ज्या संघटनेची स्थापना झाली तीच पुढची एनएफएल, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग.

अ‍ॅलेगेनीचा काही मागमूस आज पाहायला मिळतो का?

शहराचं आधी सांगतो. पिट्सबर्गमध्ये विलीन व्हायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हा अ‍ॅलेगेनीकरांचा कौल विरोधात होता. पण दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजायची असा कायदा केलेला, आणि पिट्सबर्ग लोकसंख्येने मोठं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०७ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारच्या बाजूने निकाल दिला. आता तो भाग नॉर्थ साइड म्हणून ओळखला जातो.

रिक्रिएशन पार्क केव्हाच पाडलं गेलं. ती जागा स्टीलर्सच्या आजच्या स्टेडियमपासून थोड्याच अंतरावर आहे. पिट्सबर्गच्या व्यंकटेश मंदिराला अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी जातात. त्यांच्यापैकी कोणाला रस असेल तर नदीपलीकडे एक चक्कर मारता येईल, मात्र जुन्या मैदानाचं काही दिसेल अशी आशा धरू नका. हिशेबाचा कागद पाहायचा असेल तर ओहायोत कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये जावं लागेल, मोटारीने साधारण दोन तास.

तिथे गेलात तर सन्मानितांच्या दालनात हेफेलफिंगरचा पुतळा शोधू नका. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो १९५१ पासून आहे. व्यावसायिकांच्या दालनात त्याला आजवर जागा मिळालेली नाही.